'माहं नाव सुटलं' याले इंग्रजीत काय म्हणतात?

या महिन्यातली पत्रं आणि मेसेज चाळले तर एकच गोष्ट फिरून फिरून आली, आपल्याला बाजूला टाकल्यासारखं वाटते त्याला इंग्रजीत नेमका शब्द कोणता. म्हणून स्पेलिंगचे आणि व्याकरणाचे बाकी प्रश्न पुढच्या अंकात घेतो, आज हेच.

प्रश्न : सर नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली, सध्या अमरावतीले बीएस्सी फर्स्ट इयरला आहे, होस्टेलवर राहते. रूममधल्या बाकी पोरी शहरातल्या, आपसात अर्धं इंग्रजीच बोलतात. परवा त्या तिघी पिक्चरला गेल्या आणि मले विचारलंच नाही. मी स्टेटसला लिहिलं 'आय ॲम एलिएनेटेड'. तर एक म्हणे असं नसते म्हणत, 'लेफ्ट आउट' म्हण. डिक्शनरीत पाहिलं तर दोन्ही अर्थ सारखेच वाटले, मग मी चुकली कुठं? आणि दिवाळीत घरी गेली तर तिथंही परकं परकंच वाटलं, आई म्हणे तू आता 'मला-तुला' बोलाले लागली. त्याच्यासाठी कोणता शब्द?
एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : बेटा, चूक मोठी नाही, जखमेपेक्षा पट्टी मोठी बांधल्या गेली एवढंच. दोन्ही शब्द नीट उघडून पाहू.

पहिले लेफ्ट आउट. लीव्ह म्हणजे सोडणे, लीव्ह आउट म्हणजे वगळणे, गाळणे. भाजी करताना कोणी म्हटलं 'लीव्ह आउट द चिली' तर मिरची घालू नको, बस. याचंच झालं लेफ्ट आउट. आता आपल्याकडं ही गोष्ट सगळ्यात जास्त कुठं ऐकू येते सांगू? ग्रामपंचायतीच्या भिंतीपाशी. घरकुलाची यादी लागते, माणूस वरून खाली पाहते, खालून वर पाहते, पुन्हा एकदा बोट फिरवते आणि म्हणते 'माहं नाव सुटलं'. बरोब्बर हेच. 'माय नेम वॉज लेफ्ट आउट ऑफ द लिस्ट.' यात एक बारीक गोष्ट आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. 'नाव सुटलं' म्हटलं की त्यात कोणी मुद्दाम केलं असं येत नाही, जसं काही नाव आपोआप घरंगळून गेलं. 'नाव वगळलं' म्हटलं की लगेच कोणीतरी पेन घेऊन बसलेला दिसते. मराठीत यासाठी दोन क्रियापदं आहेत, इंग्रजीत दोन्हीला एकच लेफ्ट आउट. म्हणून 'आय फील लेफ्ट आउट' असं कोणाला म्हटलं तर त्यात आरोप नसते, समोरच्याला वाटलं तर तो म्हणू शकते की अगं सुटलंच ग, आणि वाटलं तर मनातल्या मनात कबूल करू शकते की वगळलं होतं. तुझ्या रूमच्या पोरीनं हा शब्द सुचवला तो काही तुझी चूक दाखवायलाच असं मी धरत नाही, कदाचित तिला कळलं होतं की आपण हिला विचारलं नाही.

वापरायचं कसं ते पण पाहून घे. 'आय वॉज लेफ्ट आउट' म्हणजे घडलेली घटना, मला नेलं नाही. 'आय फील लेफ्ट आउट' म्हणजे मला तसं वाटून राहिलं, घटना घडली असो वा नसो. पुढं काय सुटलं ते सांगायचं तर 'ऑफ' लावायचा, लेफ्ट आउट ऑफ द प्लॅन, लेफ्ट आउट ऑफ द ग्रुप. आणि हा शब्द नामाच्या आधी बसत नाही, 'अ लेफ्ट आउट गर्ल' असं सहसा कोणी म्हणत नाही, तो क्रियापदाच्या नंतरच चांगला वाटते. कारण तो माणसाचा स्वभाव सांगत नाही, त्या वेळी काय झालं ते सांगते. लग्नाच्या पंगतीत वाढणारा बुंदी घेऊन येते, तुझ्या आधीच्या पत्रावळीत वाढते, तुझ्या नंतरच्या पत्रावळीत वाढते आणि तुझी चुकते, तो जो एक क्षण असते ना, हात अर्धा वर झालेला आणि आवाज द्यावा की नाही ते समजत नाही, तो लेफ्ट आउट.

आणि हे दुखणं काही नाजूकपणाचं नाही, हे मुद्दाम सांगतो कारण खेड्यातून आलेल्या पोरींना लगेच ऐकावं लागते की एवढ्या तेवढ्याचं काय मनाला लावून घेते. किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, ते एकदा बागेत कुत्र्यासोबत बसले होते तर दोन अनोळखी माणसं खेळत होती ती तबकडी यांच्यापाशी येऊन पडली. यांनी परत फेकली, त्या दोघांनी यांना खेळात घेतलं, थोडा वेळ तिघं खेळले आणि मग त्या दोघांनी यांच्याकडं फेकणंच बंद केलं. ओळख ना पाळख, तरी यांना फार लागलं. त्यावरून त्यांनी पुढं कम्प्युटरवरचा चेंडूफेकीचा खेळ बनवला, त्याचं नाव सायबरबॉल, त्यात पहिले दोन-चार वेळा चेंडू तुमच्याकडं येते आणि मग येतच नाही. काही मिनिटांचा खेळ, पण माणसं खरोखर दुखावतात. २००३ साली याच खेळाच्या वेळी लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं तर अंगाला लागलं की जो भाग जागा होते त्यातलाच एक भाग जागा झालेला दिसला. २००४ च्या प्रयोगात तर लोकांना आधीच सांगितलं होतं की समोर माणूस नाही, मशीन आहे, तरी दुखलं. मग तुझ्यासमोर तर रोज एका खोलीत झोपणाऱ्या तीन जिवंत पोरी आहेत.

आता एलिएनेटेड. हा शब्द लॅटिनमधल्या एलिएनस वरून आला, त्याचा अर्थ दुसऱ्याचा, परक्याचा. पिक्चरमधला परग्रहावरचा एलियन तो याच घरातला. एलिएनेटेड माणूस म्हणजे जो दुरावला आहे, ज्याचं मन तिथून तुटलं आहे. लेफ्ट आउट एका संध्याकाळी होता येते, एलिएनेटेड व्हायला महिने लागतात, वर्षं लागतात. लेफ्ट आउट झालेल्या माणसाला आत यायचं असते, डोळे दाराकडंच असतात. एलिएनेटेड माणसाला बरेचदा आत बोलावलं तरी येववत नाही, कारण ते घर आपलं आहे असंच त्याला वाटत नाही. पुढं 'फ्रॉम' लागते, 'ही फील्स एलिएनेटेड फ्रॉम हिज फॅमिली'. आणि हा नामाच्या आधीही चालते, एलिएनेटेड यूथ, एलिएनेटेड वोटर्स असं पेपरात येते. तिघी पिक्चरला गेल्या म्हणून तू एलिएनेटेड झाली नाही. वर्षभर हेच चाललं आणि एक दिवस त्यांनी चल म्हटल्यावर तुझ्या मनात काहीच हललं नाही, तर तो शब्द काढ.

घरचं तुझं दुखणं मात्र वेगळं आहे. आईचं ते वाक्य तू सहा महिन्यांनी मला लिहून पाठवते म्हणजे ते तुला लागलं आहे, आणि ज्याला लागते तो अजून तुटलेला नसते. त्याला मी 'आउट ऑफ प्लेस' म्हणीन. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत ज्वारीचं एखादं धाट उगवते, ते धाट काही खराब नसते, पऱ्हाटीनं त्याला काही केलेलं नसते, फक्त जागा जुळत नाही म्हणून ते उगाच उंच दिसते. आणि माझं स्वतःचं मत विचारशील तर घरी गेली की खुशाल मले-तुले बोल, कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वेळी मला-तुला बोल, दोन्ही भाषा तुझ्याच आहेत. आईला 'मला' ऐकल्यावर जे वाटलं असेल ना, त्यालाच इंग्रजीत लेफ्ट आउट म्हणतात, तिच्याकडूनही जरा पाहा.

प्रश्न : आम्ही केळापूर तालुक्यातले आदिवासी कास्तकार. पोरगा इंग्रजी पेपर आणते, त्यात आदिवासींच्या जमिनीबद्दल 'लँड एलिएनेशन' असा शब्द होता. पोरगा म्हणे एलिएनेशन म्हणजे एकटेपणा. जमिनीले कसा एकटेपणा?

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण या शब्दाचं मूळ तुमच्याच बाजूला आहे. कायद्याच्या भाषेत एलिएनेट करणे म्हणजे आपली मालमत्ता दुसऱ्याची करणे, विकून, गहाण टाकून, बक्षीसपत्रानं, कशीही. म्हणजे सातबारावर फेरफार होऊन वावर दुसऱ्याच्या नावावर जाणे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर कलेक्टरची आधी परवानगी लागते आणि विक्रीसाठी तर त्याच्यावर सरकारची पूर्वमंजुरीही लागते. त्याच्या आधी ज्या जमिनी हातातून गेल्या त्या परत मिळाव्या म्हणून १९७४ चा वेगळा कायदा झाला, त्यात १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातले व्यवहार धरले आहेत. या सगळ्या भानगडीला इंग्रजीत लँड एलिएनेशन म्हणतात, मराठी कागदात 'जमीन हस्तांतरण' असं कोरडं लिहून येते.

आणि आता मनाचा अर्थ समजायला सोपा जाईल. बापजाद्याचं वावर गेलं, पण गाव तेच, रस्ता तोच, रोज त्याच धुऱ्यावरून तुम्ही जाता, विहीर दिसते, आंब्याचं झाड दिसते, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते ते नव्या मालकापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असते, पण आत पाय टाकता येत नाही. माणसाचं स्वतःच्या घराबद्दल, गावाबद्दल, कामाबद्दल असं होते तेव्हा त्याला एलिएनेटेड म्हणतात. तुमच्या पोराला सांगा, एकटेपणाला लोनली म्हणतात, ते वेगळं. भरलेल्या घरातही माणूस एलिएनेटेड असू शकते.

कामाबद्दल म्हटलं म्हणून कार्ल मार्क्स आठवला. त्यानं १८४४ साली मजुरांबद्दल काही टिपणं लिहिली, ती छापून आली थेट १९३२ मध्ये, त्यात त्यानं वापरलेल्या जर्मन शब्दात 'फ्रेम्ड' आहे, म्हणजे परका. म्हणणं असं की मजूर आपल्या हातानं जी वस्तू करते तीच त्याला परकी होते, मग ते कामही परकं, सोबतची माणसंही परकी आणि शेवटी माणूस म्हणून तो स्वतःलाच परका. आपल्याकडं हे समजायला जर्मनीला जायचं काम नाही. कापूस वेचायला बाया सकाळी उन्हाच्या आधी जातात, बोंडाचे काटे बोटाला लागून लागून कातडं निघते, मजुरी किलोवर, कापूस जिनिंगमध्ये गेला की संपलं, त्याची गाठ कुठं गेली, सूत कुठं झालं, त्याचं कापड कोणाच्या अंगावर आलं काही म्हणजे काही माहीत नाही.

प्रश्न : एमपीएससीचा अभ्यास करतो. ऑस्ट्रसाइज्ड, बॉयकॉटेड, आउटकास्ट, तिन्हीला मी 'बहिष्कृत' लिहितो. चालेल का? (वाशीम)

उत्तर : ऑब्जेक्टिव्ह पेपरात चालून जाईल, पण तिन्हीच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि एकदा गोष्ट माहीत झाली की माणूस शब्द विसरत नाही.

ऑस्ट्रसाइज्ड मध्ये खापर आहे, खरंखुरं फुटक्या मडक्याचं खापर. ग्रीक भाषेत त्याला ऑस्ट्रॅकॉन म्हणत. जुन्या अथेन्समध्ये लोक खापरावर एका माणसाचं नाव कोरून टाकत, किमान ६,००० खापरं पडली आणि एखाद्याचं नाव सगळ्यात जास्त निघालं की त्यानं दहा वर्षं शहराबाहेर राहायचं. गुन्हा सिद्ध व्हायची गरज नव्हती. घरदार मात्र त्याचंच राहत होतं. अशी हजारो खापरं तिथं खोदकामात सापडली आहेत. इ.स.पू. ४८२ मध्ये ॲरिस्टायडीस नावाच्या पुढाऱ्याला असंच काढलं. प्लुटार्क नावाचा जुना ग्रीक लेखक सांगते की खेड्यातून आलेला एक निरक्षर माणूस त्याला न ओळखता त्याच्याचपाशी आला आणि म्हणाला, याच्यावर ॲरिस्टायडीस लिहून द्या. यानं विचारलं, त्यानं तुझं काय वाईट केलं? तो म्हणे काहीच नाही, मी त्याले ओळखत पण नाही, पण जो तो त्याला 'न्यायी, न्यायी' म्हणते ते ऐकून ऐकून कंटाळलो. ॲरिस्टायडीसनं गुपचूप आपलं नाव लिहून दिलं. तर ऑस्ट्रसाइज्ड म्हणजे सगळ्यांनी मिळून, ठरवून एकाला बाहेर काढलेलं. आपला जुना शब्द 'वाळीत टाकलेला', तोच बसते.

बॉयकॉट हा तर माणूसच होता. आयर्लंडमधल्या मेयो भागात जमीनदाराचा कारभारी, कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. १८८० मध्ये कुळांनी भाडं कमी मागितलं, यानं घरं खाली करायच्या नोटिसा काढल्या, तर गावानं त्याच्याशी सगळे व्यवहार बंद केले. मजूर कामावर येईनात, दुकानदार माल देईनात, टपाल येईना. वावरातलं पीक काढायला बाहेरून ५० जण आणावे लागले, तेही सैन्याच्या पहाऱ्यात. म्हणजे इथं गरिबांनी मोठ्याला टाकलं. मराठीत आपण दोन्हीला बहिष्कारच म्हणतो आणि मला ते बरोबर वाटत नाही, सावकाराच्या दुकानावर बहिष्कार आणि एका विधवेचं पाणी बंद करणं या दोन गोष्टी एका शब्दात कशा मावतील? दुसऱ्या प्रकारासाठी महाराष्ट्रानं कायदा केला, सामाजिक बहिष्काराविरुद्ध असा कायदा करणारं हे पहिलं राज्य, कायदा २०१६ चा आणि लागू झाला ३ जुलै २०१७ पासून. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परीक्षेत हे विचारू शकतात म्हणून सांगतो, आणि गावात कोणावर अशी वेळ आली तर परीक्षेपेक्षा जास्त कामाचं आहे.

आउटकास्ट मध्ये कास्ट म्हणजे फेकणे, बाहेर फेकलेला. शेवटी ई लावला की 'जातीबाहेरचा' होते, उच्चार जवळपास तोच, मूळ वेगळं. आणि बहिष्कृत हा शब्द तू जो वापरतो तो जरा जपून वापर. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केलं. लोकांवर लादलेलं विशेषण त्यांनी उचलून मथळ्यावर लावलं. तिथं 'सुटलं' नाही, 'वगळलं' आहे आणि ते वाचणाऱ्याला लगेच समजते.

प्रश्न : माझ्याकडं दोन एकर आहे. कागदावर 'मार्जिनल फार्मर' लिहून आलं. पोरगी म्हणते मार्जिनलाइज्ड म्हणजे समाजानं बाजूला टाकलेला. असं कसं लिहिलं?

उत्तर : तसं नाही लिहिलं काका. एक हेक्टरपर्यंत, म्हणजे अडीच एकरापर्यंत जमीन असली की सरकारी भाषेत मार्जिनल, मराठीत अत्यल्प भूधारक. ते फक्त माप आहे. मार्जिनलाइज्ड वेगळा शब्द, मूळ मात्र एकच, मार्जिन म्हणजे वहीतला समास, वावराचा धुरा, कडेची जागा. मार्जिनलाइज्ड म्हणजे ज्याला धुऱ्यावर ढकललं. पोरगी हुशार आहे, तिला म्हणा शेवटचं 'आइज्ड' पाहत जा, तिथं कोणीतरी काहीतरी केलेलं असते.

प्रश्न : सर, मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. चौथीत कोलाम पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा, एक मुलगा आहे, घरी कोलामी बोलते, वर्गात तोंड उघडत नाही. एका संस्थेला इंग्रजीत माहिती द्यायची आहे, प्रत्येक मुलाबद्दल एक विशेषण. मी 'शाय' लिहिलं. बरोबर आहे का?

उत्तर : बाई, व्याकरणानं बरोबर आहे, पण कृपा करून ते खोडा. शाय म्हणजे लाजाळू, तो मुलाच्या स्वभावाचा शब्द झाला. तो पोडावर आपल्या दोस्तांसोबत गप्प बसते का? बसत नसेल तर तो शाय नाही. कोलामी तर मराठीच्या घरातली भाषाही नाही, ती तेलुगू-गोंडीच्या घरातली, म्हणजे तो मुलगा रोज सकाळी एका भाषेतून उठून दुसऱ्या भाषेत येऊन बसते. त्याच्यासाठी शब्द आहे लेफ्ट आउट, नाही तर एक्सक्लूडेड. हे दोन शब्द लिहिले की वाचणारा विचारते, कशातून? कोणी? शाय लिहिलं की कोणीच काही विचारत नाही.

हे मी एवढं तावातावानं लिहितो कारण माझ्या हातून हेच झालं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात असाच एक पोरगा शेवटच्या रांगेत खिडकीपाशी बसत होता. मी रोज त्याची हजेरी घेतली, तो हजर म्हणे, आणि त्यानंतर दिवसभर मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही, मला वाटे कायले उगाच त्याला सगळ्यांसमोर अडचणीत आणायचं. त्याला मी दया समजत होतो. मार्चमध्ये मोहफुलं वेचायच्या दिवसांत तो शाळेत येईना म्हणून मी पोडावर गेलो तर हा पोरगा दहा-बारा लेकरांना घेऊन झाडाखाली मोठमोठ्यानं हुकूम सोडून राहिला होता, तू इकडं वेच, तू तिकडं वेच, सगळं कोलामीत, आणि मला पाहिल्याबरोबर त्याचा आवाज बंद झाला. माझ्या वर्गाच्या यादीत त्याचं नाव होतं आणि वर्गातून तो सुटला होता, आणि ते आपोआप सुटलं नव्हतं.

एकाच विशेषणाचा रकाना असेल तर 'लेफ्ट आउट' लिहा. खाली जागा असेल तर एक वाक्य जोडा, 'ही स्पीक्स कोलामी, अँड नोबडी इन द क्लास हॅज आस्क्ड हिम एनिथिंग इन इट येट.' आणि पाठवायच्या आधी उद्या त्याला फळ्याला, पाण्याला आणि पावसाला कोलामीत काय म्हणतात ते विचारा, मला पण कळवा.